अमेरिकेतलं व्हीए कर्ज: नव्या घरासाठी कितपत सोयीचं?

व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिक खातं. माजी सैनिकांसाठीची ही कर्जाची सोय 1944 च्या ‘जीआय बिल’ या कायद्यापासूनची. सरकार पैसे देत नाही, बँकेला हमी देतं. म्हणून डाउन पेमेंट शून्य, मॉर्गेज इन्शुरन्सही (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा विमा) नाही. फुकट मात्र नाही. फंडिंग फी, म्हणजे या कर्जावर सरकारला द्यायचं शुल्क, पहिल्यांदा 2.15 टक्के, पुन्हा वापरल्यास 3.3, म्हणजे 4 लाख डॉलरवर 8,600 किंवा थेट 13,200. पदरचे 5 टक्के भरले, तर दोन्ही वेळा दर 1.5 वर येतो. सेवेतल्या अपंगत्वाची भरपाई मिळत असेल, तर फी माफ.

नव्या घरात खरी गोची अप्रेझलची, म्हणजे कर्जासाठी होणाऱ्या घराच्या मूल्यांकनाची. हौसेने निवडलेली भारी फरशी, किचनचा ओटा यांची पूर्ण किंमत अप्रेझर धरेलच असं नाही. मूल्य कमी आलं, तर फरक खिशातून भरा, नाहीतर करारातल्या व्हीए कलमाच्या आधारे बयाणा परत घेऊन बाहेर पडा. हे कलम बिल्डरच्या छापील करारात आहे ना, सहीआधीच बघा. आणि अप्रेझल म्हणजे घराची तपासणी नव्हे; इन्स्पेक्टर वेगळा लावा.

‘आमच्याच लेंडरकडे या’ म्हणत बिल्डर सवलत देतो. ती व्याजातून वसूल होते का, हे दुसऱ्या बँकेचं लोन एस्टिमेट (व्याज नि खर्चाचा लेखी अंदाज) शेजारी ठेवल्यावर कळतं.

अनेक ठिकाणी सुरुवातीचा मालमत्ता कर नुसत्या जमिनीवर लागतो. घर धरून बिल आलं, की एस्क्रोत (हप्त्यातून कर-विम्यासाठी पैसे साठवणारं खातं) तूट पडते नि हप्ता फुगतो.