स्टॅनफर्डचा डेटाबेस अभ्यासक्रम : रिलेशनल डिझाइनपुरते परीक्षण

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०११ च्या अखेरीस जगभरातील विद्यार्थ्यांसाठी जे पहिले तीन अभ्यासक्रम मोफत खुले केले, त्यांपैकी एक प्रा. जेनिफर विडम यांचा डेटाबेसचा होता. पुढे त्याचे लहान भाग करून ते एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आणले गेले. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, शिकवणारे हल्ली गल्लोगल्ली सापडतात. या अभ्यासक्रमाचे वेगळेपण आहे ते टेबलांच्या रचनेच्या, म्हणजेच रिलेशनल डिझाइनच्या, भागात.

आपल्याकडे नॉर्मलायझेशन (माहितीची पुनरावृत्ती टाळण्यासाठी टेबलांची नियमानुसार विभागणी) म्हणजे व्याख्या पाठ करून पेपरात उतरवण्याचा विषय. विडम मात्र आधी एक बिघडलेले टेबल समोर ठेवतात, ज्यात विद्यार्थ्याचे नाव, शाळा, शाळेचे गाव, छंद आणि अर्ज केलेले महाविद्यालय असे सगळेच एकत्र कोंबलेले आहे. त्यातली ॲन ही विद्यार्थिनी दोन शाळांत शिकली, तिचे छंद दोन आणि अर्ज तीन ठिकाणी. एवढीच माहिती नोंदवायला बारा (२ × २ × ३) ओळी लागतात, कारण प्रत्येक शाळेची प्रत्येक छंदाशी आणि प्रत्येक महाविद्यालयाशी जोडी लावावी लागते. कोणी ‘सर्फिंग’ हा छंदच नको म्हणून त्या ओळी खोडल्या, तर ज्याला तो एकच छंद आहे तो विद्यार्थीच टेबलातून नाहीसा होतो. हे पाहिल्यावर फंक्शनल डिपेंडन्सी (एका रकान्यावरून दुसऱ्याचे मूल्य ठरणे, जसे शाळेवरून गाव) कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याहून मोलाचे पुढचे विवेचन : बीसीएनएफ (बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म) या अशा अवलंबनांवर आधारलेल्या नियमानुसार टेबलाचे तुकडे केल्यावर नाव आणि गाव बाजूला निघते, पण शाळा, छंद व महाविद्यालये यांचा गुणाकार जसाच्या तसा उरतो, आणि तो मोडण्यासाठीच चौथा नॉर्मल फॉर्म हा त्यापुढचा, अधिक कडक नियम आवश्यक ठरतो.

नियम पाळूनही रचना गैरसोयीची होऊ शकते, हेही येथे प्रामाणिकपणे दाखवले आहे. तुकडे केल्यानंतर एखादी साधी अट तपासण्यासाठीही दोन टेबले जोडावी लागतात, हे उदाहरणासह सांगणारा व्हिडिओ चुकवू नये.

उणिवा दोन. आकृत्यांसाठी यूएमएल ही सॉफ्टवेअर-रचनेची चित्रपद्धती वापरली आहे. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ईआर (एंटिटी-रिलेशनशिप, म्हणजे घटक व त्यांचे संबंध दाखवणारी) आकृती, जी आपल्या विद्यापीठांच्या परीक्षांत हमखास विचारली जाते, ती स्वतंत्रपणे शिकावी लागेल. शिवाय स्वाध्याय संगणकच तपासतो, त्यामुळे उत्तर चूक की बरोबर एवढे कळते. एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा पतपेढीच्या विस्कळीत गरजांतून टेबले काढण्याचा सराव मात्र तेथे होत नाही. त्यासाठी जाणकार शिक्षकाकडून आपली रचना तपासून घेण्याला पर्याय नाही.