डिझर्टेड की डेसोलेट?

मराठीतून इंग्रजीत लिहिताना 'ओस पडलेला' किंवा 'शुकशुकाट' आला की ही दोन विशेषणं समोर उभी राहतात. ठाण्यात अनुवादाची कामं करताना मी दोन्ही भरपूर वापरली. आता हात बहुधा डिझर्टेडकडे जातो.

डेसोलेटची ताकद नाकारत नाही. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'सोलस', म्हणजे एकटा. म्हणून तो जागेला लागतो तसा माणसालाही लागतो. मूल गमावलेल्या आईला डेसोलेट म्हणता येतं. जिथे कधी वस्तीच नव्हती अशा भकास माळालाही तोच हवा, कारण डिझर्टेड म्हणायचं तर आधी तिथे कुणीतरी असावं लागतं. उच्चार तेवढा सांभाळा: विशेषणात शेवटी 'लट', क्रियापदात 'लेट'.

मला खुपतं ते हे, की डेसोलेट वाचकाला आधीच सांगून टाकतो, इथे उदास व्हायचं आहे. वागळे इस्टेटमधल्या एका बंद कारखान्यावरचा लेख इंग्रजीत करत होतो. मूळ लेखात गंजलेला सायकल स्टँड, भिंतीवरचं बंद घड्याळ, शेडच्या फटीतून वर आलेला पिंपळ, एवढंच. दुःखाचा शब्दही नाही. पहिल्याच वाक्यात डेसोलेट घालून पाहिलं, तर पुढची प्रत्येक वस्तू त्या शब्दाची साक्ष द्यायला आल्यासारखी वाटू लागली. डिझर्टेडने फक्त माणसं निघून गेली एवढंच सांगितलं. बाकीचं घड्याळ आणि पिंपळ यांनी सांगितलं. शिवाय रिकामी जागा दर वेळी दुःखी नसतेच. धो धो पावसात मासुंदा तलावाची पाळ सुनी असते, पण काय सुंदर दिसते! तिला डेसोलेट कसं म्हणणार?

माणसाबद्दल लिहिताना मात्र डिझर्टेड जपून वापरा. त्यात सोडून जाणाऱ्यावर ठपका येतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार सलग किमान दोन वर्षांचा त्याग हे घटस्फोटाचं एक कारण आहे, आणि त्यासाठी कायद्यातला शब्द याच धातूचा. एकट्या राहणाऱ्या बाईला सहज 'डिझर्टेड' लिहिलंत, तर नवऱ्याने टाकलेली असाच अर्थ निघेल. घर, रस्ता, स्टेशन, कारखाना यांच्यासाठी तरी मी आधी डिझर्टेडच लिहून बघा म्हणेन. पुढच्या चार ओळींनी उदासी आणली नाही, तर त्या ओळी पुन्हा लिहाव्यात. विशेषण बदलू नये.