शब्दाला वजन द्यायचंय: बूस्ट की स्क्रिप्ट स्कोअर?
इलॅस्टिकसर्चमध्ये (मजकूर शोधून निकाल गुणांनुसार लावणारं सर्च इंजिन) मी आधी बूस्टच (शब्दाचे गुण वाढवणारा आकडा) लावतो, क्वेरीत ‘कांदा^3 भजी’ लिहिलं की कांद्याच्या वाट्याचे गुण तिप्पट, री-इंडेक्सची (डेटा पुन्हा इंडेक्समध्ये भरायची) भानगड नाही. पण म्हणून कांदावालं डॉक्युमेंट वरच येईल असं नाही हां, खाली बीएम२५ (गुण मोजायचं मूळ सूत्र) चालूच असतं, ते दुर्मिळ शब्दाला आधीच जास्त भाव देतं, आणि शब्द १० वेळा आला म्हणून १० पट गुण काही देत नाही.

स्क्रिप्ट स्कोअरमध्ये आपणच छोटी स्क्रिप्ट लिहून गुण ठरवतो, म्हणजे फॉर्म्युला आपल्या हातात, तारीख, रेटिंग हवं ते मिसळा, फक्त ही स्क्रिप्ट जुळलेल्या प्रत्येक डॉक्युमेंटवर चालते, डेटा मोठा असेल तर सर्च रखडतो. निगेटिव्ह गुण आले तर थेट एरर.

नुसतं शब्दांचंच वजन असेल तर बूस्टच घ्या, एक्सप्लेन (गुण कसे आले ते दाखवणारी सोय) चालू करून आकडे बघा. स्क्रिप्ट लागलीच तर रीस्कोअरने (वरच्या निकालांना पुन्हा गुण देणारी सोय) वरच्या १०० निकालांपुरतीच चालवा.