पुसता येणारं पेन, ठिपक्यांची वही आणि नागपूरचा उन्हाळा: सहा महिन्यांच्या वापरानंतर

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. मानेवाड्यातल्या एका सोसायटीत माझे दोन पेशंट होते, त्यामुळे गाडी अडीच तास उन्हातच उभी. खाली येऊन दार उघडलं आणि डॅशबोर्डवरची वही उचलली. पुढची भेट किती वाजता, एवढंच बघायचं होतं. पान कोरं. मागचं कोरं, त्याच्या मागचंही कोरं. गुढीपाडव्यापासून रोज रात्री अर्धा तास देऊन भरलेली ४१ पानं जवळजवळ नाहीशी झाली होती. उरले होते ते स्केचपेनचे रंगीत पट्टे, आणि सासूबाईंनी बॉलपेनने लिहिलेले बीपीचे आकडे.

वही बुलेट जर्नलसाठी, म्हणजे कामं आणि दिवस खुणांनी नोंदवायला घेतलेली, रेघांऐवजी ठिपके छापलेली: ए५ मापाची, १६० जीएसएमच्या जाड कागदाची, १६० पृष्ठांची, ५६० रुपयांची. पेनं घासून पुसता येणाऱ्या जेल शाईची, १८० रुपयांना एक, अशी चार. म्हणजे पेनांचेच ७२० झाले, वहीपेक्षा जास्त. दोन्हींचा अनुभव एकत्र लिहिते आहे, कारण ती पेनं मी घेतली ती या वहीच्या धास्तीने. कंपनीचं नाव घेत नाही. अशा शाईच्या सगळ्याच पेनांचा स्वभाव हाच आहे.

शाईचं सांगते, कारण पाकिटाच्या मागे ते इतक्या बारीक अक्षरांत होतं की चष्म्यातूनही वाचता आलं नाही. ही शाई आपण खोडतो तेव्हा कागदावरून निघत नाही. पेनाच्या मागचा रबरी गोळा घासला की उष्णता तयार होते, ६० अंशांच्या आसपास शाईतल्या रंगाचं रसायन बदलतं आणि ती पारदर्शक होते. शाई तिथेच असते, दिसत नाही एवढंच. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड नागपूरच्या मे महिन्यात ६० अंश सहज ओलांडतो. मी एका पानावर घासत होते ते उन्हाने अख्ख्या वहीवर केलं.

दुकानदाराला फोन केला. बर्डीवरचं दुकान, वर्षानुवर्षं तिथूनच सामान घेते. तो म्हणाला, "मॅडम, पेन तर चालू आहे ना? वापरलेलं पेन परत घेत नाही." मी म्हटलं, पेन चालू आहे, लिहिलेलं चालू नाही. नागपुरात पेन विकताना गाडीत ठेवू नका एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती? दोनदा फोन, एकदा प्रत्यक्ष चक्कर, पेट्रोल वेगळं. शेवटी न उघडलेल्या चौथ्या पेनाचे पैसे मिळाले. बाकीचे ५४० गेले ते गेलेच. चेक, फॉर्म, कसलीही कायमची नोंद या पेनाने करू नका.

बहिणीने सांगितलं, फ्रीजरमध्ये ठेव, परत येतं. पिशवीत गुंडाळून वही रात्रभर वाटाण्यांच्या पाकिटाशेजारी ठेवली. उणे १०-२० अंशांत ही शाई पुन्हा रंग धरते, आणि घरचा फ्रीजर साधारण उणे १८ ला असतो. सकाळी अक्षरं खरंच परत आली होती, थोडी फिकी. पण सगळीच परत आली. मी दोन महिन्यांत जे जे खोडलं होतं तेही. 'एप्रिल' हे शीर्षक एकावर एक चार वेळा. चौकट तीनदा सरकवलेली. पेशंटच्या वेळा ४.३० आणि त्यावरच ५.१५, आणि त्यातली खरी कुठली ते कळायला मार्ग नाही. त्या दिवशी मी अकरा जणांना फोन करून वेळा विचारल्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेल्या आजींना "आज तुमच्याकडे किती वाजता यायचं होतं?" असं विचारताना मला फार वाईट वाटलं. आजी माझ्या येण्याच्या वेळेच्या हिशोबाने दुखण्याची गोळी घेऊन बसलेल्या असतात.

हा अनुभव मी खरं तर तेव्हाच लिहायला घेतला होता आणि त्या मसुद्यात वहीला पाचपैकी दोन दिले होते. पानांना क्रमांक नाहीत, इलॅस्टिकचा पट्टा महिन्याभरात सैल झाला, कागद जाड म्हणून पानं कमी. या तक्रारी आजही खऱ्या आहेत. पण बाकी मत बदललं आहे, आणि ते त्या फ्रीजरमधून निघालेल्या पानांमुळे बदललं.

वही मी दिवाळीत घेतली होती आणि गुढीपाडव्यापर्यंत ती कोरीच होती, हे आधी सांगायला हवं. एका पृष्ठाला साडेतीन रुपये पडतात. पान उघडलं की आधी तो आकडा समोर यायचा. शिवाय 'जर्नल' म्हटलं की मला अकरावी-बारावीचं प्रॅक्टिकलचं जर्नलच आठवतं. एका बाजूला आखलेलं पान, दुसऱ्या बाजूला आकृतीसाठी कोरं, आणि बेडकाच्या पायाची एक रेघ चुकली की सगळं पान पुन्हा काढून आणा. खाडाखोड करू नये, हे उत्तरपत्रिकेवर छापलेलंच असायचं. रफ वही वेगळी, फेअर वही वेगळी. ही ठिपक्यांची वही मी मनातल्या मनात फेअर ठरवून टाकली होती, आणि फेअर वहीत आधी विचार करून मगच लिहायचं असतं. तो विचार जवळजवळ पाच महिने चालला. पुसता येणारं पेन दिसलं तेव्हा वाटलं, सुटले.

बुलेट जर्नलची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. ब्रुकलिनचा डिझायनर राइडर कॅरल याने २०१३ मध्ये ती लोकांसमोर मांडली: काम म्हणजे ठिपका, कार्यक्रम म्हणजे गोल, नोंद म्हणजे आडवी रेघ. काम झालं की फुली, पुढे नेलं की बाण. लहानपणापासून लक्ष एका जागी टिकत नव्हतं, म्हणून त्याने ती स्वतःसाठी घडवली होती. मूळ पद्धतीत फुलं-पानं, रंगीत शीर्षकं काही नाही, ती लोकांनी आणली. सजावट नको असेल तर दहा रुपयांचं पेन आणि कुठलीही वही पुरते. मला सजावट हवी आहे. दिवसभर आखडलेले खांदे आणि सुजलेले गुडघे हाताळल्यावर रात्री पानावर वेल काढणं हा माझा विसावा आहे, आणि तो मी सोडणार नाही.

तर फ्रीजरमधलं पान. एकावर एक चार 'एप्रिल' बघताना मला माझे केसपेपर आठवले. रुग्णाच्या नोंदीत चूक झाली तर आम्ही खोडत नाही, व्हाइटनर तर मुळीच लावत नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख, आणि पुढे बरोबर ते लिहायचं. कॉलेजमध्ये हे शिकवलं तेव्हापासून गेली चौदा वर्षं मी रोज असंच लिहिते. उजवा गुडघा लिहायच्या जागी डावा लिहिला गेला की रेघ मारते आणि पुढे जाते, हात जराही थांबत नाही. जिथे चुकीला खरी किंमत आहे तिथे मी घाबरत नाही, आणि वाण्याच्या यादीभोवती चौकट आखताना घाबरते? हे लक्षात आल्यावर मी खुर्चीत बसूनच राहिले. त्या रात्री उरलेली तिन्ही पेनं मुलीच्या कंपासपेटीत गेली, गणिताचं रफ काम करायला.

आता वहीसाठी साधं बॉलपेन आणि एक काळं, पाण्याने न पसरणारं बारीक टोकाचं पेन. चूक झाली की एक रेघ. सही लागत नाही, तारीख मात्र घालते, सवयच आहे. सप्टेंबरच्या एका आठवड्यात गुरुवार दोनदा लिहिला गेला, तर दुसऱ्या गुरुवारवर रेघ मारून शेजारी शुक्रवार लिहिला. पान वाईट दिसतं का? नाही. उलट त्या पानावर मला आठवतं की त्या दिवशी मुलीला ताप होता.

एक सांगते, न घाबरणं म्हणजे आखणी न करणं नव्हे. आखणी मी आता जास्त करते, पण दुसरीकडे. वर्ष संपलं की मुलीच्या शाळेच्या वह्यांची उरलेली कोरी पानं काढून दाभणाने शिवायची, ही आमच्या आईची पद्धत. त्या शिवलेल्या वहीत टपाल तिकिटाएवढ्या चौकटी काढते आणि महिन्याचं पान त्यात कसं बसेल ते दोन-तीन प्रकारे बघते. तिकिटाएवढ्या चौकटीत सुबकपणा दाखवायला जागाच नसते, त्यामुळे फक्त रचना दिसते: शीर्षक कुठे, आठवडे कुठे, वेल कुठल्या कोपऱ्यातून चढणार. पाच मिनिटांत पक्कं होतं. मग खऱ्या पानावर २एच पेन्सिलने फक्त कोपऱ्यांच्या खुणा. एचबी घेऊ नका, हाताला लागून काळं फासतं. आणि थेट पेनाने रेघा. पट्टी मी लांब रेघांनाच वापरते.

ठिपके मोजा. माझी सर्वांत मोठी चूक इथेच व्हायची आणि मी ती वाईट हातावर ढकलत होते. माझ्या पानावर आडवे २८ ठिपके आहेत. आठवड्याचे दिवस सात, सात चोक अठ्ठावीस, म्हणून मी खुशाल चार-चारचे रकाने आखायची आणि रविवार नेहमी चिरडायचा. २८ ठिपक्यांमध्ये घरं २७ असतात! २७ चे नऊ-नऊचे तीन रकाने सुरेख पडतात, सात कधीच पडत नाहीत. उभे ४० ठिपके, म्हणजे ३९ घरं. वर तीन घरं शीर्षकाला दिली की ३६ उरतात, त्यात पूर्ण रुंदीच्या, नऊ-नऊ घरं उंच अशा चार चौकटी. समोरासमोरच्या दोन पानांत अशा आठ झाल्या: सात दिवस आणि एक मोकळी. ती आठवी चौकट आता माझी सगळ्यात लाडकी आहे. सवयींचा तक्ता करताना ३१ दिवस आडवे घेऊ नका, २७ घरांत ते बसणारच नाहीत. तारखा उभ्या घ्या, सवयी आडव्या. हे गणित सुटल्यापासून माझ्या निम्म्या चुका बंद झाल्या. हात तोच आहे.

ठिपक्यांवरून रांगोळी आठवली नाही असं होणार नाही. मी पहिल्याच आठवड्यात पंधरा ते आठची रांगोळी या पानावर उतरवायला गेले आणि फसले, कारण पंधरा ते आठमध्ये खालच्या ओळीचा ठिपका वरच्या दोघांच्या मधोमध येतो आणि इथे सगळे ठिपके एकाखाली एक आहेत. सहा पाकळ्यांचं फूल ओढून-ताणून होतं. पण समोरासमोरच्या ठिपक्यांची, पाच बाय पाच किंवा सात बाय सातची रांगोळी हुबेहूब बसते. आठव्या चौकटीत दर आठवड्याला एक काढते. आईला मी कधी अंगणातली रांगोळी पूर्ण पुसताना पाहिलं नाही. रेघ बाहेर गेली की तिथे एक पान जास्तीचं निघायचं, आणि मग तोल सांभाळायला समोरच्या बाजूलाही एक. वेल काढताना मीही तेच करते.

कागदाबद्दल मत पूर्ण बदललं. जाड आहे म्हणून कुरकुर केली होती, पण सहा महिने स्केचपेन घासूनही मागे शाई फुटलेली नाही. परमनंट मार्कर मात्र फुटला, तो वापरू नका. शेवटची दोन पृष्ठं पेनं तपासायला ठेवा: नवं पेन आधी तिथे, मागे उमटतं का बघायचं, ओल्या शाईवर रंग फासतो का बघायचं. पहिलं पान कोरं सोडा आणि तिसऱ्यापासून सुरू करा. माझं पहिलं पान अजून कोरंच आहे आणि त्याने काही अडलं नाही. क्रमांक मी स्वतः घालते, एका वेळी दहा पानांचे. सैल पट्ट्याला नाड्याचं इलॅस्टिक शिवलं, आठ रुपयांत काम झालं. वहीला आता पाचपैकी चार.

साडेतीन रुपयांचा हिशोबही फिरला. मे अखेरपर्यंत ४१ पानं भरली होती, त्यात प्रत्येकी तीस मिनिटं धरली तर साधारण वीस तास, आणि त्यातला अर्धा वेळ खोडण्यात. जूनपासून आजवर ७४ पानं झाली, एकालाही पंधरा मिनिटांवर लागली नाहीत. बॉलपेनच्या दोन रिफिल संपल्या. दर महिन्याला अपूर्ण कामं हाताने पुढे उतरवताना जे पुन्हा लिहायचा कंटाळा येतो ते काम बहुतेक वेळा करायचंच नसतं, हेही आता कळतं. आधी शाई वाचवायला मी जुनं पानच खोडून तारीख बदलायची आणि 'पडद्याचं माप' हे काम आठ आठवडे तसंच रेटत होते.

राहिलं सासूबाईंचं. एप्रिलमध्ये त्यांनी माझ्या कोऱ्या पानावर, मला न विचारता, स्टीलच्या पट्टीने तिरकी रेघ मारून बीपीचा तक्ता सुरू केला तेव्हा मी दोन दिवस नीट बोलले नव्हते. चांगलं पान वाया गेलं असं वाटलं होतं. मे महिन्यात सगळं उडालं तेव्हा डॉक्टरांना दाखवायला तेच एक पान शाबूत होतं, तारखेसकट, सकाळ-संध्याकाळ. त्या पानावरच्या त्यांच्या पाच चुका आहेत आणि पाचही त्यांनी आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्त केल्या आहेत. आता दर महिन्याच्या रचनेत त्यांची जागा ठरलेली आहे, उजवीकडे सहा घरं. रेघ त्या स्वतःच मारतात, तिरकीच येते. नोव्हेंबरचं पान काल आखलं तेव्हा आधी त्यांना बोलावून रेघ मारून घेतली आणि मग माझा वेल तिच्या अंगाने चढवला.