बॉडी क्लॉक जीन टेस्ट किट: सात हजार घालवायच्या आधी हे वाचा

मी परळच्या एका हॉस्पिटलमध्ये १६ वर्षं स्टाफ नर्स आहे, महिन्याला सात-आठ नाईट ठरलेल्याच, त्यामुळे "नाईट ड्युटी करता? आतड्याच्या कॅन्सरचा धोका घरबसल्या तपासा" अशी जाहिरात मोबाईलवर आली आणि मी लगेच ऑर्डर करून टाकली. कंपनीचं नाव देत नाही. सात हजाराच्या आसपास गेले.

पॅकिंग, कुरिअर सगळं वेळेवर, त्यात काही बोलायला जागा नाही. ट्यूबमध्ये खुणेपर्यंत थुंकी भरायची, वरचा फेस धरायचा नाही आणि आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मी नाईट करून सकाळी घरी आलेली, तोंडाला नुसती कोरड, चहासुद्धा न घेता पंधरा-वीस मिनिटं ती ट्यूब धरून बसले होते.

तीन आठवड्यांनी पीडीएफ आली. चौथ्या पानावर लाल पट्टी, शरीराचं झोप-जागेचं घड्याळ चालवणाऱ्या क्लॉक जीनमध्ये ३१११ नंबरच्या जागी एका अक्षराचा बदल, आणि खाली मोठ्या अक्षरात "धोका: जास्त". पोटात गोळाच आला, कारण माझ्या बाबांना ५४ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता. आणि माझी खरी तक्रार इथेच आहे, त्यांच्या फॉर्मवर चहा किती कप, झोपता किती वाजता, सगळं विचारलं होतं पण घरात कोणाला कॅन्सर होता का हे कुठेच नाही! हेल्पलाईनला फोन केला तर म्हणे "मॅडम, ते आमच्या फॉर्ममध्ये येत नाही", आणि वर झोपेच्या गोळ्यांचं पॅक घ्या म्हणून मागे लागली.

आता हे शास्त्रच खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. मेंदूत मुख्य घड्याळ असतं तसं आतड्याच्या पेशींमध्येही स्वतःचं असतं. क्लॉक आणि बीमॅल१ या जीनची जोडी 'पर' आणि 'क्राय' नावाचे जीन चालू करते, त्यांची प्रोटीनं साठली की तीच येऊन या जोडीला गप्प बसवतात, मग ती प्रोटीनं हळूहळू संपतात आणि परत पहिल्यापासून सुरू, एक फेरी साधारण २४ तासांची. माशीतलं हे घड्याळ उलगडलं त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं म्हणजे पेशी सतत दुभंगत असतात, आणि कधी दुभंगायचं यातही या घड्याळाचा हात असतो. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांच्या आतड्यातलं बीमॅल१ बंद केलं, त्या उंदरांत एपीसी जीन (आतड्यात गाठी होऊ न देणारा) आधीच अर्धा बिघडलेला होता, तर ट्यूमर जास्त वेगाने झाले.

आणि नर्सेसवरचाच मोठा अभ्यास आहे, अमेरिकेतला, २००३ साली आलेला, ७८ हजारांहून जास्त जणी. महिन्याला किमान तीन नाईट अशी १५ वर्षं किंवा जास्त केलेल्यांत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा धोका ३५ टक्के जास्त दिसला. पण ३५ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या ३५ जणींना होतो असं नाही हो, मुळात जो थोडा धोका असतो तो तेवढ्याने वाढतो, आणि पुढच्या अभ्यासांत चित्र इतकं सरळ राहिलंही नाही. शिवाय तो नाईट ड्युटीचा हिशोब आहे, थुंकीतल्या डीएनएच्या एका अक्षराचा नाही. उंदरात अख्खा जीन बंद करणं वेगळं आणि कितीतरी लोकांत सहज सापडणारा ३१११ चा बदल वेगळा. त्या एका बदलावर लाल पट्टी छापणं मला पटलेलं नाही.

रिपोर्ट घेऊन गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पीडीएफ बाजूला ठेवली आणि पहिलाच प्रश्न, "सिस्टर, बाबांना कितव्या वर्षी निघाला?" मी ५४ म्हटल्यावर म्हणाले, मग तुमची स्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, चाळिसाव्या वर्षीच व्हायला हवी होती. मी ४३ ची. पेशंटची तयारी वर्षानुवर्षं करून घेते आणि स्वतःचं राहून गेलं.

आदल्या दिवशी मऊ भात, नारळपाणी, मग ती पावडर घातलेलं दोन लिटर पाणी, खारट-गुळमट, लिंबू पिळून कसंबसं संपवलं. सकाळी स्कोपी, भूल दिलेली त्यामुळे काही कळलं नाही. आठ मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी गाठ, निघाला, तिथल्या तिथे काढला, बायोप्सीत अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी गाठ, पण कॅन्सर नाही. असले पॉलिप कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं घेतात, म्हणून वेळेत काढला की तो रस्ताच बंद होतो. मला पाच वर्षांनी परत बोलावलंय.

किटला एक स्टार, तोही कुरिअरवाल्याला. नाईट करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, घरात आई-बाबा, भाऊ-बहीण कोणाला हा आजार असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर हे सात हजार स्कोपीसाठी ठेवा. पनवेलच्या दादाला मी त्याच रात्री फोन केला, तो ४७ चा, आधी नाही-नाही करत होता, शेवटी वहिनीने तारीख घेतली, गुरुवारची.