उबुदचं मौन आणि त्या मौनाचं बिल

बालीत उबुदला 'वेलनेस रिट्रीट'साठी पैसे भरायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. मी आणि माझी नणंद, आम्ही दोघी तिथून व्यवस्थित टोपी घालून घेऊन आलो. जागेचं नाव लिहीत नाही. ते दर हंगामाला बदलतं असं तिथल्याच एका ड्रायव्हरने सांगितलं, पद्धत मात्र तीच राहते. म्हणून पद्धतच सांगते.

तिथे कोणी तुमच्या खिशात हात घालत नाही. तिथे तुम्हाला रीतभात शिकवतात. पाहुण्याने काय करावं, काय बोलू नये, काय विचारू नये याची यादी एवढी लांब असते, की पैशाचा प्रश्न काढणारा माणूस आपोआप असंस्कृत ठरतो. आपण मराठी मध्यमवर्गीय तर आधीच चारचौघांत पैशाचं बोलायला लाजतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. उबुदला तिने चांगलं बस्तान बसवलंय.

बुकिंग झालं एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून. ग्रुप चालवणाऱ्या बाई मराठीच, बोलायला लाघवी, स्वतःला 'वेलनेस क्युरेटर' म्हणवतात. माणशी सातशे डॉलरमध्ये राहणं, जेवण, रोजचा योग, मसाज, साउंड हीलिंग आणि देवळातलं शुद्धिस्नान. फोटोत खाली आयुंग नदी, वर निळाशार पूल आणि वर्षानुवर्षं साधना केलेल्या एक शिक्षिका. निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, तेही कुठल्या कंपनीच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या नावावरच्या परदेशी खात्यात. "कार्डाने कशाला भरताय, उगाच चार्जेस लागतील," असं बाई म्हणाल्या. या काळजीपासून सावध राहा. क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशाबद्दल बँकेकडे वाद घालता येतो, चार्जबॅक म्हणजे पैसे परत मागता येतात. थेट कोणाच्या खात्यावर पाठवलेले पैसे गेले की गेले.

देनपसारच्या विमानतळावरून उबुद चाळीसेक किलोमीटर, पण रस्ता अरुंद आणि रहदारी आपल्या घोडबंदरसारखी. रिट्रीटने पाठवलेल्या गाडीने वाटेत न विचारताच एका कॉफीच्या बागेत थांबवलं. उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची लुवाक कॉफी चाखायची, मग विकत घ्यायची, ड्रायव्हरला कमिशन. हे सगळ्याच पर्यटकांना होतं, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

जागेवर पोचलो तर नदी दिसायचं सोडाच, ऐकूही येत नव्हती. पूल शेजारच्या व्हिलाचा निघाला. जाहिरातीतल्या शिक्षिका 'सध्या प्रवासात' होत्या. त्यांच्याऐवजी पंचविशीतला एक परदेशी तरुण होता. त्याने आदल्याच वर्षी उबुदमध्ये दोनशे तासांचा योग-शिक्षक कोर्स केला होता, हे त्यानेच मोठ्या कौतुकाने सांगितलं.

स्वागताला शहाळं, कपाळावर ओले तांदूळ, आणि सहीसाठी एक कागद. त्यातल्या अटी अशा: मोबाइल लाकडी पेटीत, संध्याकाळी तासभर मिळेल. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. उपचारकाला प्रश्न विचारून उपचारात अडथळा आणू नये. इतर पाहुण्यांशी पैशाचा विषय काढू नये, त्याने समूहाची ऊर्जा खालावते. पासपोर्ट रिसेप्शनवर जमा करावा.

यातल्या निम्म्या गोष्टी ओळखीच्या होत्या, म्हणून खटकल्या नाहीत. मी इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं शिबिर केलंय. तिथेही मोबाइल जमा करतात, तिथेही मौन असतं. पण तिथे फी नसते. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. आणि मौनातही आचार्यांना शंका विचारता येते, व्यवस्थापकांना अडचण सांगता येते. उबुदच्या कागदावर नेमकी हीच दोन दारं बंद होती. कुठलंही शिबिर निवडताना एवढंच पाहिलंत तरी बरंच कळेल: मौन साधकासाठी आहे, की हिशेब विचारणाऱ्यासाठी.

पासपोर्टचंही सांगते. परदेशी पाहुण्यांची माहिती तिथल्या हॉटेलांना इमिग्रेशनला कळवावी लागते, हे खरं. त्यासाठी पासपोर्टची प्रत किंवा फोटो पुरतो. तो कपाटात ठेवून घ्यायची काही गरज नसते. कोणी मागितला तर समोर उभं राहून फोटो काढू द्या आणि परत घ्या.

दुसऱ्या दिवसापासून 'सल्लामसलत' सुरू झाली. मंद उदबत्ती, एक बाई नाडीवर दोन बोटं ठेवून डोळे मिटते. माझ्या यकृतात साठलेला राग निघाला. नणंदेच्या खांद्यात पूर्वजांचं दुःख. दोन्हींवर उतारा जादा सेशनचा. किंमत विचारावी तर मौन चालू, आणि समोर एक सुंदर हातकागदाची वही, त्यात नाव आणि सही. दर कुठेच लिहिलेला नाही. नणंद खुणेने विचारत होती, किती? त्या बाईंनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. आता यावर काय बोलणार!

जेवण मात्र छान होतं. शाकाहारी म्हणून दिलेल्या सांबल नावाच्या तिखट चटणीत तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, हे नणंदेला तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर कळलं. ज्यांना चालत नाही त्यांनी 'तान्पा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून जावं.

मग देऊळ. ताम्पाकसिरिंगचं तीर्त एम्पुल हे दहाव्या शतकातलं स्थान. झऱ्याचं पाणी दगडी तोट्यांतून कुंडात पडतं, लोक ओळीने एकेका तोटीखाली डोकं धरतात. या शुद्धिस्नानाला मेलुकात म्हणतात. ओळीतल्या दोन तोट्या मृतांच्या विधीसाठी असतात, त्या सोडून पुढे जायचं. कमरेला वस्त्र आणि वर पट्टा बांधावा लागतो, पाळी चालू असलेल्या बाईने आत जायचं नसतं. हे सगळं तिथे फलकांवर लिहिलेलं आहे, आणि तिकिटाची खिडकीही आहे, दर रुपियात, म्हणजे इंडोनेशियाच्या चलनात, आपल्या काहीशे रुपयांत काम होतं. आमच्या वहीत मात्र 'खासगी पुरोहित व समारंभ' या नावाखाली माणशी साठ डॉलर चढले होते, आणि हे स्नान मूळ पॅकेजमध्ये आधीच होतं. पुरोहित म्हणून जे गृहस्थ आले त्यांनी आमचे फोटो काढले.

खऱ्या बाली माणसांची रीतभात आम्ही रस्त्यावर पाहिली. नारळाच्या पानाच्या छोट्या चौकोनी ताटल्या, त्यात फुलं, वर उदबत्ती, दुकानांच्या उंबऱ्यापुढे फुटपाथवरच मांडलेल्या असतात. त्यांना चनांग सारी म्हणतात, त्या ओलांडायच्या नाहीत, त्यांवर पाय द्यायचा नाही. नणंदेचा पाय पडणारच होता. दुकानातली म्हातारी हसत उठली, ताटली वीतभर आत सरकवली, पुन्हा बसली. देताघेताना उजवा हात, मुलांच्या डोक्याला हात लावायचा नाही, देवळात पुजाऱ्यापेक्षा उंच जागी बसायचं नाही. यातलं काहीही न कळणाऱ्या पाहुण्याला कोणी बिल लावत नाही.

पैशाच्या विषयावरचं मौन मोडलं एका जर्मन बाईंनी. कपडे वाळत घालताना त्या कुजबुजल्या की याच खोलीसाठी त्यांनी आमच्याहून दोनशे डॉलर कमी दिलेत, कारण मध्ये कोणी 'क्युरेटर' नव्हतं. ऊर्जा का खालावते ते तेव्हा कळलं.

निघायच्या सकाळी बिल आलं. आगाऊ रक्कम वजा करून राहिलेलं देणं मूळ पॅकेजहून जास्त! 'एनर्जी एक्स्चेंज' म्हणून दोनशे दहा डॉलर, ते वहीतल्या सेशनचे. 'सरकारी बाली कर' माणशी तीस डॉलर. हा कर खरा आहे: १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला १,५०,००० रुपिया भरावे लागतात, एका भेटीला एकदाच. ते होतात साधारण नऊ-दहा डॉलर. 'लव्ह बाली' या अधिकृत संकेतस्थळावर आम्ही निघण्यापूर्वीच भरले होते, क्यूआर कोडही दाखवला. "तो प्रांताचा, हा गावाचा," मॅनेजर म्हणाला. मग सगळ्यावर एकवीस टक्के. बालीत दरापुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर दहा टक्के कर धरतात, म्हणून शंभराचे एकशे एकवीस होतात. ते रीतसर आहे, फक्त आधी सांगायला हवं. आमच्या पॅकेजपुढे 'नेट' लिहिलं होतं, म्हणजे यात सगळं आलं. आणि या लोकांनी करावरसुद्धा एकवीस टक्के लावले होते!

बिल डॉलरमध्ये होतं. इंडोनेशियात देशांतर्गत व्यवहार रुपियातच करायचे, असा तिथल्या मध्यवर्ती बँकेचा नियम २०१५ पासून आहे. मी रुपियात बिल मागितलं. मॅनेजरने हात जोडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला की निघताना मनात जडपणा ठेवू नका. कार्डाचं मशीन त्याच्याच हातात. पडद्यावर दोन पर्याय येतात, रुपिया की भारतीय रुपये. त्याने माझ्या वतीने भारतीय रुपये दाबले. तो पर्याय सोयीचा वाटतो, पण दर दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि आपण खूप जास्त मोजतो. नेहमी स्थानिक चलन निवडा, आणि मशीन स्वतःच्या हातात घ्या.

एवढं करून पासपोर्ट मिळेनात. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो म्हणे 'सेरेमनी'त होता. टेबलावर 'कृतज्ञता' लिहिलेलं रिकामं पाकीट ठेवलेलं. रात्रीचं विमान.

"वहिनी, तू सरक जरा," असं म्हणून नणंद रिसेप्शनच्या खुर्चीत बसली. ती महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आवाज अजून तोच आहे. तिने इंग्रजीत विचारलं, हा योग शिकवणारा मुलगा कोणत्या व्हिसावर काम करतो? आणि मग मराठीत मला, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "वहिनी, इमिग्रासीचा नंबर काढ गं." परवान्याशिवाय काम करणाऱ्या परदेशी लोकांना बालीतून परत पाठवतात, हे तिथल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. किल्ली दोन मिनिटांत सापडली. पाकीट आम्ही रिकामंच ठेवलं.

घरी आल्यावर बँकेकडे वाद नोंदवला. उपयोगी पडले ते कागद सांगते: 'नेट' आणि 'समाविष्ट' हे शब्द दिसतील असा जाहिरातीचा स्क्रीनशॉट, क्यूआर कोडची पावती, आणि निघताना मोबाइलवर काढलेला बिलाचा फोटो. जादा कर, त्यावरचे टक्के आणि देवळाचे पैसे परत आले. वहीतल्या सेशनचे नाही आले, कारण खाली आमच्या सह्या. आगाऊ पाठवलेली निम्मी रक्कम तर बँकेच्या हातातच नव्हती. भारतातून असे ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच, त्याच दिवशी फोन करा. जितका उशीर तितकी आशा कमी. आणि तक्रारीत 'वायान असं म्हणाला' एवढंच लिहू नका. बालीत मुलांची नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात, पहिला वायान, मग मादे, न्योमान, केतुत. वायान म्हटलं की निम्मं गाव वळून बघेल. माणसाचं काम, वेळ, पावतीचा क्रमांक लिहा.

क्युरेटर बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "तुमची ऊर्जा बंद होती, म्हणून तुम्हाला लाभ झाला नाही." दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून आम्ही दोघी बाहेर.

त्या जागेबद्दलचे अभिप्राय इतके गोड का असतात, हेही तिथेच उमगलं. पाहुण्यांचे अनुभव बिलाच्या आदल्या संध्याकाळी टिपून घेतात, मसाज आणि साउंड हीलिंग उरकल्यावर, भाताच्या शेतापुढे उभं करून. मी नको म्हटलं. नणंद उभी राहिली, आणि बोलते तर ती छानच. ते काढून टाका म्हणून तिने पुन्हा पुन्हा लिहिलं, पण रील अजून फिरतेय, परवा तिच्या चुलत जावेने तीच आम्हाला पाठवून विचारलं, जायचं का गं आपण? तेव्हा बालीच्या रिट्रीटच्या जाहिरातीत निळ्या कुर्त्यातल्या, कानावर चाफा खोवलेल्या, "इथे मी स्वतःला भेटले" म्हणणाऱ्या मराठी बाई दिसल्या, तर त्या माझी नणंद आहेत. त्यांनी तोवर बिल पाहिलेलं नाही.