ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: गाडी स्टार्ट होत नसेल तर कितपत कामाचा?

गाडीच्या ओबीडी पोर्टला (तपासणीसाठीच्या सॉकेटला) लावला की इंजिनचे आकडे आणि बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा, ईएलएम ३२७ या नावाने मिळणारा हा स्कॅनर हजाराच्या आत येतो. पैसे वसूल होतात, पण सेल्फ फिरत असेल तरच. सेल्फ नुसता टकटक करत असेल तर आधी मल्टिमीटर काढा.

रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या आसपास असेल तर ती जवळपास उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर चार्ज करून पुन्हा तपासा, तरीही तेच झालं तर बदला. परभणी-नांदेडकडच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी झपाट्याने आटतं, त्यामुळे टोपणं उघडणारी बॅटरी असेल तर मार्चपासूनच डिस्टिल्ड वॉटर बघत राहा. आता मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग वायर सैल आहे किंवा गंजली आहे. नवी बॅटरी टाकूनही टकटक थांबत नाही, ती बरेचदा याचमुळे.

सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी पेट घेत नाही, तिथे मात्र स्कॅनर खरा उपयोगी. मोबाइलवर लाइव्ह डेटामध्ये (त्या क्षणाच्या आकड्यांमध्ये) आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, लावा आणि सेल्फ मारा. १५० ते २५० दिसलं तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल येतोय. शून्यच राहिलं तर सेन्सर, त्याचा प्लग आणि वायर बघा. सोयाबीनची पोती ठेवलेल्या शेडमध्ये गाडी असेल तर वायर उंदरांनी कुरतडली नाही ना, हे सगळ्यात आधी. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला तर दिशा पक्की होते, पण कोड नाही म्हणून सेन्सर चांगला असं धरू नका. डिझेल गाडीत रेल प्रेशरही (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) पाहा: साधारण २०० बारपर्यंत चढत नसेल तर फिल्टर किंवा पाइपमधून हवा घेतेय का ते तपासा. काही गाड्यांत हा आकडा दिसतच नाही, ही मोठी उणीव.

इमोबिलायझरचा (किल्ली ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दोषही हा स्कॅनर बहुतेक गाड्यांत वाचत नाही. किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून पाहा. २.१ लिहिलेले बरेच नकली स्कॅनर अर्धवट चालतात, आणि साधं ब्लूटूथ मॉडेल आयफोनला जुळत नाही. काम झालं की काढून ठेवा: पोर्टच्या १६ नंबरच्या पिनला किल्ली बंद असतानाही करंट असतो, लावून ठेवलात तर हाच बॅटरी उतरवेल.